नावाची घाई

मुंबईत चर्चगेट स्टेशनजवळ दोन क्रिकेट मैदानं आहेत. एकाच्या दारातून निघालं की दहा मिनिटांत चालत दुसऱ्याच्या दारात पोचता येतं. ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही नावं आपल्या जिभेवर इतकी रुळली आहेत की ती मुळात माणसांची नावं आहेत, हेही आपण विसरून गेलो आहोत. या दोन माणसांत एक साम्य होतं. मैदानाला नाव मिळालं तेव्हा दोघेही हयात होते आणि दोघेही मोठ्या सरकारी पदावर होते.

लॉर्ड ब्रेबॉर्न १९३३ ते १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला स्वतःचं मैदान हवं होतं आणि त्यासाठी समुद्रात भराव टाकून मिळवलेली सरकारी जमीन हवी होती. भारतीय क्रिकेट संघटित करणारे अँथनी डिमेलो गव्हर्नरांना भेटायला गेले. पुढे त्यांची एक हकिगत प्रसिद्ध झाली. सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व, असा सवाल त्यांनी गव्हर्नरांसमोर ठेवला. सुमारे ९०,००० चौरस यार्ड जमीन १३ रुपये ८ आणे यार्ड या दराने क्लबला मिळाली, आणि १९३७ मध्ये खुल्या झालेल्या मैदानाला ब्रेबॉर्न यांचं नाव लागलं.

दुसरं मैदान उभं राहिलं ते तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात झालेल्या वादातून. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे १९७२ ते १९७७ या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी झपाट्याने मैदान उभं केलं. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्धचा कसोटी सामना तिथे झाला. मैदान संघटनेचं आणि जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. नाव विधानसभेच्या विद्यमान अध्यक्षांचं.

वानखेडे यांनी मुंबईच्या क्रिकेटसाठी पुष्कळ केलं, याविषयी दुमत नाही. पण डिमेलोंच्या हकिगतीतलं टेबल डोळ्यांपुढे आणावं. टेबलाच्या एका बाजूला जनतेची जमीन ज्याच्या सहीने मिळते तो माणूस, दुसऱ्या बाजूला ज्याच्या हातात नाव देणं आहे तो माणूस. त्या टेबलावर नाव हे आदराचं चिन्ह राहत नाही, ते देवघेवीतलं नाणं होतं. हीच देवघेव थांबवण्यासाठी जगातल्या अनेक देशांनी कायदे केले आहेत. सार्वजनिक मालमत्तेला हयात माणसाचं, निदान पदावर बसलेल्या माणसाचं नाव द्यायचं नाही, असं ते कायदे सांगतात. हे कायदे कसे जन्मले, त्यांत काय आहे आणि पळवाटा कुठून निघतात, हे समजून घेतलं तर आपल्याकडे काय राहून गेलंय तेही दिसतं.

सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण तिथे हा वाद नावाच्या आधी चेहऱ्यावरून पेटला. यादवी युद्धाच्या काळात सरकारने कागदी नोटा काढल्या. १८६२ च्या एक डॉलरच्या नोटेवर अर्थमंत्री सॅल्मन चेस यांनी स्वतःचंच चित्र छापलं. चेस यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं आणि नोट घरोघरी पोचणार होती. पुढे नोटछपाई विभागाचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी पाच सेंटच्या नोटेवर आपली छबी छापली. तेव्हा मात्र काँग्रेसचा संयम सुटला. पेन्सिल्व्हेनियाचे सदस्य रसेल थेयर यांनी सभागृहात हा विषय लावून धरला आणि १८६६ मध्ये कायदाच झाला: सरकारच्या नोटांवर आणि रोख्यांवर कुठल्याही हयात माणसाचं चित्र यापुढे छापायचं नाही. एका अधिकाऱ्याच्या हौसेतून झालेला हा नियम दीडशेहून अधिक वर्षं टिकला आहे.

इमारती आणि धरणांच्या बाबतीत मात्र असा सरसकट नियम तिथे झाला नाही. त्याचं फळ कोलोरॅडो नदीवरच्या प्रचंड धरणाने भोगलं. १७ सप्टेंबर १९३० रोजी त्या प्रकल्पाच्या एका समारंभात गृहखात्याचे मंत्री रे विल्बर यांनी धरणाला 'हूवर धरण' असं नाव जाहीर केलं. हर्बर्ट हूवर तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि विल्बर त्यांचेच मंत्री. (अमेरिकेत हे गृहखातं सरकारी जमीन आणि पाणी पाहतं, पोलीस नव्हे.) महामंदीने देश होरपळला, १९३२ च्या निवडणुकीत हूवर हरले. नव्या सरकारात त्याच खात्याचे मंत्री झालेल्या हॅरल्ड इक्स यांनी १९३३ च्या मे महिन्यात नाव बदलून 'बोल्डर धरण' केलं. १९३५ मध्ये रूझवेल्ट यांनी धरण राष्ट्राला अर्पण केलं, तेही बोल्डर याच नावाने. शेवटी १९४७ मध्ये काँग्रेसने ठराव करून हूवर हे नाव परत आणलं. भिंत तीच, पाणी तेच, आणि सतरा वर्षांत नाव दोनदा फिरलं. मंत्र्याने दिलेलं नाव मंत्र्यानेच पुसलं. संसदेने ठरवलेलं नाव तेवढं टिकलं.

पुढे अमेरिकेने या प्रश्नाला तुकड्यातुकड्यांनी हात घातला. १९८६ च्या स्मारक कायद्यानुसार वॉशिंग्टनमधल्या संघराज्याच्या जमिनीवर एखाद्या व्यक्तीचं स्मारक उभारायचं असेल, तर तिच्या मृत्यूला पंचवीस वर्षं व्हावी लागतात. प्रतिनिधिगृहाच्या कामकाजाच्या नियमांतही एक कलम आहे. विद्यमान खासदाराचं नाव सार्वजनिक बांधकामाला देणारं विधेयक तिथे विचारातच घेता येत नाही. राष्ट्राध्यक्षांना मात्र हा नियम लागू नाही.

ही फट २०२५ च्या डिसेंबरात ठळक दिसली. वॉशिंग्टनमधलं केनेडी सेंटर हे कलाकेंद्र १९६४ च्या कायद्याने जॉन केनेडी यांचं स्मारक ठरलेलं आहे. विद्यमान राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प स्वतःच ज्याचे अध्यक्ष होते, त्या विश्वस्त मंडळाने केनेडींच्या नावाआधी ट्रम्प यांचं नाव जोडण्याचा ठराव केला आणि लगोलग इमारतीवर अक्षरं बसवली. कायद्याने दिलेलं नाव मंडळाच्या ठरावाने बदलता येतं का, यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. २०२६ च्या जानेवारीत बर्नी सँडर्स आणि इतर सिनेटरांनी विधेयक मांडलं: संघराज्याच्या कुठल्याही इमारतीला, जमिनीला वा मालमत्तेला विद्यमान राष्ट्राध्यक्षाचं नाव देऊ नये.

अमेरिकेत जे तुकड्यांत आहे ते फिलिपिन्समध्ये १९५४ पासून एका कायद्यात आहे. रिपब्लिक ॲक्ट १०५९ ची यादी वाचण्यासारखी आहे: वाड्या, गावं, शहरं, प्रांत, रस्ते, पूल, बागा, शाळा, सरकारी इमारती, धक्के, सरकारी विमानं आणि जहाजंसुद्धा. यातल्या कशालाही हयात माणसाचं नाव द्यायचं नाही. तरीही त्याच देशात फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत, १९७७ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावाने 'इमेल्डा' ही नगरपालिका स्थापन झाली. बेंगेट प्रांतात डोंगराच्या कडेला मार्कोस यांचा सुमारे दहा मजली उंचीचा काँक्रीटचा अर्धपुतळा उभा राहिला. लष्करी कायदा लागू असताना कागदावरच्या नियमाला विचारणारं कोणी नव्हतं. २००२ मध्ये अज्ञात लोकांनी तो पुतळा सुरुंग लावून उडवला. लोकशाही परतल्यावर १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यात हयात व्यक्तीच्या नावावरची बंदी पुन्हा लिहिली गेली. एकदा बदललेलं नाव दहा वर्षांच्या आत पुन्हा बदलता येणार नाही, हेही त्यात आलं.

तिथे आता लढा नावाहून फलकाशी जास्त आहे. जनतेच्या पैशातून झालेल्या कामावर आपला फोटो लावणाऱ्या पुढाऱ्याला फिलिपिनो बोलीत 'एपाल' म्हणतात, म्हणजे मध्येच तोंड घालून श्रेय उपटणारा. सिनेटर मिरियम डिफेन्सर सँटियागो यांनी अशा फलकांवर बंदी घालणारं विधेयक मांडलं आणि ते 'एपालविरोधी विधेयक' म्हणूनच ओळखलं गेलं. आपल्या चौकातले फ्लेक्स आणि बसथांब्यांवर रंगवलेली नावं पाहताना हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही.

लॅटिन अमेरिकेने फलकाचाही विचार कायद्यातच केला. कोलंबियात १९५८ च्या आदेशाने सार्वजनिक मालमत्तेला हयात व्यक्तीचं नाव देणं बंद झालं. बांधकामातला आपला सहभाग नोंदवणाऱ्या पाट्या पदावरच्या अधिकाऱ्यांनी लावायच्या नाहीत, असंही तिथले नियम सांगतात. ब्राझीलच्या १९७७ च्या कायद्याने केंद्राच्या मालमत्तेला हयात माणसाचं नाव देणं आणि कामांच्या पाट्यांवर पदाधिकाऱ्यांची नावं कोरणं, दोन्ही बंद केलं. १९८८ च्या राज्यघटनेने त्यापुढचं पाऊल टाकलं. अनुच्छेद ३७ सांगतो की सरकारी कामाची प्रसिद्धी माहिती देणारी आणि लोकशिक्षण करणारी असावी, त्यात पदाधिकाऱ्याची वैयक्तिक प्रसिद्धी करणारं नाव, चिन्ह वा चित्र नसावं. केनियातही लोकांनी आधी एका राष्ट्राध्यक्षाचा, मग दुसऱ्याचा चेहरा नाण्यांवर पाहिला होता. २०१० च्या घटनेत त्यांनी लिहून ठेवलं की नोटांवर आणि नाण्यांवर कोणाही व्यक्तीचं चित्र असणार नाही. २०१८ च्या नव्या नाण्यांवर मग सिंह, हत्ती, जिराफ आणि गेंडा आले.

सोव्हिएत संघातला नियम वेगळ्या वाटेने आला. तिथे पक्षाच्या नेत्यांची नावं शहरांना हयातीतच मिळत. त्सारित्सिन १९२५ मध्ये स्टालिनग्राड झालं, पेर्म १९४० मध्ये मोलोतोव झालं, मॉस्कोच्या मेट्रोला कागानोविच यांचं नाव होतं. १९५७ च्या जूनमध्ये मोलोतोव आणि कागानोविच यांनी पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह यांना हटवण्याचा प्रयत्न केला आणि ते हरले. सप्टेंबरात आदेश निघाला की हयात नेत्यांची नावं शहरांना वा प्रदेशांना द्यायची नाहीत. पेर्म पुन्हा पेर्म झालं. व्होरोशिलोवग्राड १९५८ मध्ये लुगान्स्क झालं, व्होरोशिलोव वारल्यावर १९७० मध्ये पुन्हा व्होरोशिलोवग्राड, १९९० मध्ये पुन्हा लुगान्स्क. तिथे राहणाऱ्या एखाद्या आजीच्या घरातले जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि कामाची कागदपत्रं किती नावांची असतील! नाव फिरवण्याचा खर्च तिजोरीला पडतोच, पण सामान्य माणसाच्या पत्त्यालाही पडतो.

या सगळ्या कायद्यांतून चार प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. व्यक्ती हयात आहे का? नसेल तर मृत्यूला किती काळ झाला? नाव कोण ठरवणार, एकटा मंत्री की निवडून आलेलं सभागृह? आणि नाव म्हणजे केवळ प्रवेशद्वारावरचं नाव, की फलक, फोटो आणि योजनेचं शीर्षक हेही त्यात धरायचं? ज्या कायद्यात या चारपैकी एक प्रश्न राहून जातो, तिथूनच पळवाट निघते. पदावर असताना नाव नको म्हटलं, तर राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी देता येतं. कझाकस्तानात १९ मार्च २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष नुरसुलतान नझरबायेव पायउतार झाले आणि २० मार्चला संसदेने राजधानीला त्यांचं नाव द्यायला मंजुरी दिली. २०२२ मध्ये ती पुन्हा अस्ताना झाली. स्वतःचं नाव नको म्हटलं, तर आई-वडिलांचं नाव देता येतं. तुर्कमेनिस्तानात राष्ट्राध्यक्ष नियाझोव यांनी तर २००२ मध्ये एप्रिल महिन्यालाच आईचं नाव दिलं. ते वारल्यावर २००८ मध्ये महिन्यांची जुनी नावं परत आली.

आता आपल्याकडे पाहू. सार्वजनिक वास्तूला वा योजनेला पदावरच्या नेत्याचं नाव देण्यास मनाई करणारा देशभर लागू होणारा कायदा भारतात नाही. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराचा कायदा आहे. त्यानुसार छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी किंवा पंतप्रधान यांचं नाव दुकानदाराला परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाही. दुकानदाराला अडवणारा हा कायदा सरकारला मात्र अडवत नाही. त्यामुळे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी अहमदाबादच्या मोटेरा इथल्या मैदानाला विद्यमान पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचं नाव लागलं तेव्हा कुठलाही कायदा मोडला नाही. २०१३ मध्ये जयललिता मुख्यमंत्री असताना चेन्नईत 'अम्मा' नावाची उपाहारगृहं सुरू झाली, तेव्हाही मोडला नाही. उत्तर प्रदेशात मायावतींनी सत्तेत असताना स्वतःचे आणि पक्षचिन्ह असलेल्या हत्तीचे पुतळे उभारले. २०१२ च्या निवडणुकीत आयोगाने ते झाकायला लावले, पण त्यासाठी आचारसंहितेचा आधार घ्यावा लागला आणि मतदान संपल्यावर ती कापडं उतरली. पक्ष वेगवेगळे, राज्यं वेगवेगळी, मोकळीक सर्वांना सारखीच.

कायदा नाही म्हणून लोक न्यायालयात जातात. १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज पदावरच्या कोणाचाही फोटो नको असा आदेश दिला. राज्यांनी फेरविचार मागितला आणि १८ मार्च २०१६ रोजी राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्री यांनाही मुभा मिळाली. २०२५ च्या जुलैअखेर मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारला योजनांना हयात व्यक्तींची नावं देऊ नका असं बजावलं. 'उंगळुडन स्टालिन', म्हणजे 'तुमच्यासोबत स्टालिन', या मुख्यमंत्र्यांच्या नावाच्या मोहिमेवरून तो वाद होता. आठवड्याभरात, ६ ऑगस्टला, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि याचिकाकर्त्या खासदाराला दहा लाख रुपये भरायला लावले. नेत्यांच्या नावाने योजना देशभर चालतात, मग एकाच पक्षाला का धरायचं, आणि राजकीय लढाई मतदारांपुढे लढा, असा न्यायालयाचा रोख होता. मला तो इशारा विधिमंडळांसाठीही वाटतो. सर्व पक्षांना सारखा लागू होणारा नियम न्यायालयाच्या एकेका निकालातून घडत नाही, तो सभागृहातच करावा लागतो.

तमिळनाडूनेच एकदा वेगळी वाट चोखाळली होती. १९९७ मध्ये एका नव्या परिवहन महामंडळाला दलित समाजातल्या वीर सुंदरलिंगम यांचं नाव दिलं गेलं आणि त्यावरून जातीय हिंसाचार पेटला. करुणानिधी सरकारने अखेर सर्व जिल्ह्यांच्या आणि परिवहन महामंडळांच्या नावांतून नेत्यांची नावं काढली. नियम आधी नसला की किंमत अशी द्यावी लागते, आणि ज्यांना पहिल्यांदाच नाव मिळत होतं त्यांच्याच वाट्याला ती जास्त येते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी काय सोसलं हे माहीत असलेल्या महाराष्ट्राला नाव ही किरकोळ बाब आहे असं कोणी सांगू नये.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोठ्या माणसाचा गौरव तो गेल्यावरच करायचा का? महर्षी धोंडो केशव कर्वे यांना शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, १९५८ मध्ये, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. ते पाहायला कर्वे स्वतः होते. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० च्या डिसेंबरात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते आणि केंद्रात कायदामंत्रीही होते. मग हेही चूक म्हणायचं?

मला तसं वाटत नाही. कर्व्यांच्या हातात कोणाला देण्यासारखी जमीन नव्हती, ठेका नव्हता, बदली नव्हती. त्यांना नाही म्हणायला कोणी घाबरलं नसतं. बिंदू चौकातल्या पुतळ्यांसाठी पुढाकार घेतला तो भाई माधवराव बागल यांनी. केंद्रातल्या मंत्र्याच्या खात्याने तो घेतला नव्हता. आणि त्याच्या वर्षभर आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीत बाबासाहेबांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. कायद्याने लोकांचं प्रेम अडवू नये, पण तिजोरीतून आणि पदाच्या दबावाखाली होणारा गौरव अडवावा.

नाव देणं हा समाजाचा निर्णय आहे आणि निर्णयाला नकाराचीही मोकळीक लागते. ज्याच्या सहीवर गावचा रस्ता, शाळेची मान्यता आणि नळाचं पाणी अवलंबून आहे, त्याच्या नावाच्या ठरावाला सभागृहात हात वर न करणं किती जणांना परवडेल? ती मोकळीक लोकांकडे राहावी म्हणून थांबायचं. नेता खरंच मोठा असेल तर दहा वर्षांनीही लोक त्याचंच नाव सुचवतील.

महाराष्ट्राला असा कायदा करायला चार वाक्यं पुरतील. सरकारी पैशाच्या वा सरकारी जमिनीवरच्या कुठल्याही वास्तूला, रस्त्याला किंवा योजनेला हयात व्यक्तीचं नाव देऊ नये. मृत्यूनंतर दहा वर्षं थांबावं. नाव हरकती-सूचना मागवून आणि निवडून आलेल्या सभागृहाच्या ठरावानेच द्यावं. कोनशिलेवर खर्च, ठेकेदार, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख एवढंच लिहावं. विधिमंडळाने तो करेपर्यंत वाट पाहायचीही गरज नाही. येत्या ग्रामसभेत, नगरपालिकेच्या येत्या बैठकीत हाच मजकूर ठराव म्हणून मांडता येईल, आणि आपल्या गावच्या वाचनालयाला वा समाजमंदिराला नाव देण्याची वेळ येईल तेव्हा त्या ठरावाकडे बोट दाखवता येईल.